खाली पेंढा, मध्ये माल, वर पेंढा

हे मला आत्ताच्या आत्ता लिहायचंय. बाहेर हॉलमध्ये आरतीची तयारी चाललीय, आई दोनदा हाक मारून गेलीय, माझ्या एका हाताला उकडीचं पीठ आहे आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी टाइप करतेय, त्यामुळे काना-मात्रा चुकली तर समजून घ्या. आज सकाळी आमच्या रोह्याच्या घरी गणपती बसताना आईने एक गोष्ट केली. एवढीशी, दोन बोटांची. पण ती सांगायची तर आधी मामा सांगावा लागेल, आणि मामा सांगायचा तर लोडेड फ्राईज सांगावे लागतील, खिमा आणि चीज घातलेले. गणपती घरात बसलेले असताना मी खिम्याबद्दल लिहितेय. बाप्पाने समजून घ्यावं, कारण ह्या गोष्टीत तोही आहे.

तर मामा. अख्ख्या पेणमध्ये माझ्या मामाइतका लोकांच्या डोळ्यांत बघणारा आणि लोकांकडे अजिबात न बघणारा माणूस दुसरा नाही. म्हणजे तुम्ही त्याच्यासमोर उभे राहून अर्धा तास बोला, तो तुमच्या डोळ्यांत बघत राहील, तुम्हाला वाटेल काय मन लावून ऐकतोय, आणि शेवटी म्हणेल, "तुझी डावी भुवई उजवीपेक्षा अर्धं सूत वर हाय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांचं माप. मामा जगातली प्रत्येक गोष्ट सुतात मोजतो. मामीला बघायला गेला होता तेव्हा चहा-पोहे झाले, दोन्हीकडचे थोरले बोलले, आणि मामीच्या वडलांनी विचारलं, मुलगी कशी वाटली, तर हा म्हणाला, "डोळे चांगले काढलेत." मामीचे वडील रात्रभर विचार करत होते म्हणे, की मुलगा वेडा आहे की कवी. मामी आजही सांगते, "दोन्ही नव्हतं गो बाय. कवी असता तर परवडला असता."

माझा मामा गणपतीचे डोळे काढतो. काढायचा. थांबा, ते नंतर.

आमच्या रोह्यात कारखाना म्हटलं की केमिकलचा. पेणला कारखाना म्हटलं की गणपतीचा. मी चौथीत असताना शाळेत सांगितलं होतं की माझा मामा कारखान्यात आहे, तर बाईंनी विचारलं, काय बनवतात तिथे. मी म्हटलं, डोळे. बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं. तर त्या कारखान्यात रंग देणारे पंधरा-वीस जण असतात, पण डोळे काढणारा एक. मूर्तीचं सगळं झालं, अंग झालं, सोंड झाली, दागिने झाले, की सगळ्यात शेवटी डोळे. त्याला आखणी म्हणतात. वरच्या पापणीची रेघ, खालची रेघ, बुबुळ, त्यात पांढरा ठिपका. मामाचं म्हणणं असं की तो ठिपका पडेपर्यंत सगळे नुसते बसलेले असतात, ठिपका पडला की बघायला लागतात. आणि रेघ मारताना श्वास घ्यायचा नाही. श्वास घेतला की छाती हलते, छाती हलली की खांदा, खांदा हलला की गेलं सगळं. म्हणून सीझनमध्ये मामा सकाळी उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत बोलतच नाही. श्वासाची घडी बसलेली असते, ती मोडते म्हणतो. मामी आणि तो सकाळभर खुणांवर संसार करतात. कुरियरवाल्याला वाटतं मामा मुका आहे, तो अजूनही दिवाळीत भेटला तरी हातवारे करूनच "बरं आहे ना" विचारतो, आणि मामाही मान हलवतो. आता कुठे सांगत बसायचं.

चष्म्याच्या दुकानात गेला होता तेव्हाची गोष्ट तर पेणच्या बाजारात अजून सांगतात. समोर अक्षरांचा तक्ता, चष्मेवाला विचारतोय, तिसरी ओळ वाचा काका. मामा गप्प. चष्मेवाल्याला वाटलं नंबर फार वाढलाय, त्याने काच बदलली. मामा गप्प. तिसऱ्यांदा काच बदलल्यावर मामा म्हणाला, "वाचता येतंय ओ. पण तुमच्या ग ची दांडी वाकडी हाय. ती कुणी काढली?"

आता त्याचा नियम सांगते, आणि हा नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे. मामाने ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे आखणी शिकली, त्यांनी त्याला सांगितलं होतं की जोपर्यंत ब्रश डोळ्यावर चालतोय तोपर्यंत मटण-मच्छी बंद. आमच्यात कुणी एवढं पाळत नाही, कारखान्यातही बाकी कुणी पाळत नाही. पण मामाने ते जे धरलं ते धरलं. होळी झाली की आखणी सुरू, त्या दिवसापासून बंद, ते थेट गणपती घरोघरी जाऊन विसर्जन होईपर्यंत. मग पितृपक्ष, नवरात्र, असं करत करत दिवाळीला सुटतो. म्हणजे वर्षातले चार महिने माणूस आणि आठ महिने साधू. मामी मात्र नियमात नाही. "मी कुठे डोळे काढते? मी खाणार," म्हणते आणि मागच्या दारी सुके बोंबील भाजते, आणि मामा वरण-भाताचं ताट घेऊन बरोबर वाऱ्याच्या दिशेला बसतो. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "वासाला बंदी नाय. नियम तोंडाचा हाय, नाकाचा नाय."

मी पेणला कॉलेजला जाते. रोह्याहून पॅसेंजर, नागोठणे, कासू, पेण, आणि गाडी चुकली किंवा कंटाळा आला की मामाकडे मुक्काम. पहिल्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर एक कॅफे निघालं आणि तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा लोडेड फ्राईज खाल्ले. मला इतके आवडले की संध्याकाळी मामाकडे जाऊन मी बॅगसुद्धा न ठेवता सांगायला लागले, की बटाट्याचे लांब काप तळायचे, वर खिम्याचा घट्ट रस्सा, त्याच्यावर चीजचा सॉस, मामा तू खाऊन बघच, आपण घरी करू. दिवाळी नुकतीच झाली होती, म्हणजे मामाचे माणसातले महिने चालू होते. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "नाव काय म्हणालीस?"

"लोडेड फ्राईज."

"लोडेड म्हणजे? कुठे पाठवायचेत?"

कारण पेणमध्ये लोड होतो तो गणपती. टेम्पो येतो, कारखान्याच्या दारात लागतो, आणि मूर्त्या लोड करायच्या म्हणजे खाली भाताचा पेंढा, मध्ये माल, वर पेंढा, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत पेंढा ठोसायचा, म्हणजे खड्ड्यात गाडी आपटली तरी सोंड शाबूत. मी मोबाइलवर फोटो दाखवला. मामाने चष्मा वर करून बघितला आणि एकदम गंभीर झाला. "हा तर पेंढाच हाय गो," म्हणाला. "पण तुझ्या कॅफेवाल्याला लोडिंग येत नाय. माल उघडा ठेवलाय वर."

झालं. त्या रविवारी मामाने खिमा आणला, मामीने विरोध नोंदवला, आणि बटाटे मामाने स्वतः कापायला घेतले. मी तुम्हाला सांगते, मी त्यानंतर बरेच फ्राईज खाल्ले, पण तसे कापलेले बटाटे कुठे बघितले नाहीत. साध्या विळीवर, एकदाही मान वर न करता, आणि प्रत्येक काप सारखा. मी मुद्दाम दोन घेऊन एकावर एक ठेवून बघितले, चार घेऊन बघितले. "बघ बघ, मोजून बघ," मामी म्हणाली. "लग्नाच्या आधी मलापण असंच मोजलं." मग ते पाण्यात ठेवले, मामीच्या जुन्या सुती साडीवर पसरून कोरडे केले, एकदा मंद तेलात तळले, गार केले, परत कडक तेलात. खिमा मामीच्या हातचा, कांदा गुलाबी होईस्तोवर परतून, आलं-लसूण, टोमॅटो, तिचा घरचा लाल मसाला, आणि मी हट्टाने घातलेला दोन चमचे टोमॅटो सॉस. चीजचा सॉस माझ्याकडे होता. बटरवर मैदा परतायचा, दूध घालून घोटायचं, मग किसलेलं चीज. मामी माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "हे पांढरं पिठलं हाय. तुझ्या आईला सांगू नको, कॉलेजला पाठवून पिठलं शिकलीस म्हणून."

आणि मग मामाने ते लोड केले. मोठी परात, खाली फ्राईज, मध्ये खिमा, वर परत फ्राईज, कोपऱ्यांत दाबून फ्राईज. मी चीज ओतायला भांडं उचललं तर हात धरला. "थांब. सुकू दे."

"काय सुकू दे?"

"खालचा कोट. कोट सुकल्याशिवाय वरचा देतात काय?"

आम्ही पाऊण तास थांबलो. पाऊण तासाने खिम्याने खालचा सगळा पेंढा भिजवला होता, चीज घट्ट होऊन त्याचा गोळा झाला होता, आणि आम्ही तिघांनी ते चमच्याने खाल्लं. मामाने परात पुसून खाल्ली आणि म्हणाला, "लोडिंग बरोबर होतं. रंगात चूक झाली." पुढच्या रविवारी सुकवणं बंद केलं आणि, खरं सांगते, मामाचं लोडिंग कॅफेपेक्षा भारी निघालं. कारण वरचे फ्राईज कुरकुरीत राहतात, मधला खिमा गरम राहतो, खालचे रस्सा पितात. दिवाळी ते होळी आम्ही बहुतेक रविवारी हेच केलं. आई रोह्याहून फोन करून ओरडायची की मुलगी पेणला शिकायला जाते की हॉटेल चालवायला. होळीच्या आदल्या दिवशी शेवटची परात झाली, मामाने हात धुतले, तोंड धुतलं, म्हणाला, "आता दिवाळीला," आणि दुसऱ्या दिवसापासून परत साधू.

मग मे महिना. परीक्षा झाली होती, मी रोह्याला घरीच होते. शनिवारी मामाचा फोन आला. "उद्या येतेस काय बाय? फ्राईज करू. खिमा मी आणून ठेवतो."

आणि मला काहीही वाटलं नाही. हेच मला अजून खातं. मी नुसती खूश झाले. मी मधल्या काळात चीज सॉसमध्ये मिरपूड आणि थोडी मोहरीची पेस्ट घालायची एक नवीन रीत बघून ठेवली होती, ती करून दाखवायची एवढंच माझ्या डोक्यात. सकाळच्या पॅसेंजरने गेले. मामा घरीच होता, आणि सकाळी बोलत होता. तेसुद्धा मला टोचलं नाही. खूप बोलत होता. रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल, शेजाऱ्याच्या नवीन गाडीबद्दल. मामी स्वयंपाकघरात पाठ करून कांदा कापत होती आणि एक शब्द बोलत नव्हती, टोमणासुद्धा नाही. मी म्हटलं, मामी, पिठलं करू काय, तर "कर" म्हणाली नुसतं.

मामाने बटाटे कापले. मी ताटली बघितली आणि हसले. एक काप जाड, एक पातळ, एक मधेच तिरका गेलेला, शेवटाला टोकदार. मी म्हटलं, "मामा, हे काय, जिना कापलास काय?"

मामा पण हसला. म्हणाला, "विळीला धार नाय."

विळीला धार होती. मामी त्याच विळीवर कांदा कापून उठली होती, पाण्यासारखा.

परात भरली, खाली पेंढा, मध्ये माल, वर पेंढा. चीजचं भांडं मामाने उचललं, नेहमी तोच वरून धार सोडायचा, बारीक, एका रेघेत, परातीच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्या दिवशी धार नागमोडी गेली. परातीच्या बाहेर पडली. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि तरी ती सरळ येईना. मी म्हटलं, मामा, तुझा हात हलतोय. तो म्हणाला, "हात नाय हलत. चीज हलतंय."

मग खाली बसलो, त्याने पहिला घास घेतला, खिम्याचा, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. होळी होऊन अडीच महिने झाले होते. कारखान्यात मूर्त्या रांगेने उभ्या असणार, ऐन आखणीचे दिवस, आणि मामा खिमा खात होता.

विचारायची गरजच राहिली नव्हती, तो घासच उत्तर होता. मामानेच सांगितलं, खाता खाता, ताटात बघत. हिवाळ्यातच सुरू झालं होतं. आधी वाटलं थंडी आहे, मग वाटलं नंबर वाढलाय, म्हणून तो चष्मेवाला. होळीनंतर पहिल्या दहा-बारा मूर्त्या निघाल्या, मग एका मोठ्या मूर्तीला तीनदा डोळा काढला आणि तीनदा पुसला. चौथ्यांदा मूर्ती नुसती समोर ठेवून बसला आणि मग ब्रश धुऊन, पुसून, मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवला. "मालक काय बोलला नाय," मामा म्हणाला. "चांगला माणूस हाय. म्हणाला, घरी बसू नका, लोडिंगला या. आता मी लोडिंगला असतो. पेंढा भरतो. हात हलला तरी चालतो, पेंढ्याला कुठे डोळे असतात." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आता मीपण लोडेड."

मला हसू आलं नाही आणि त्याला वाटत होतं यावं, म्हणून मी हसले. मामी उठून आत गेली.

आमच्या घरच्या गणपतीचे डोळे मामाच काढायचा, दरवर्षी, आईच्या लग्नापासून. कारखान्यातलं सगळं काम उरकलं की सगळ्यात शेवटी बहिणीचा गणपती. मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकून, मांडीवर घेऊन, पॅसेंजरने पेणहून रोह्याला आणायचा, आणि नागोठण्याला गाडी थांबली की रुमालाखाली हात घालून सोंड आहे ना बघायचा. तर त्या दिवशी मी आईला फोन लावला आणि सांगून टाकलं, मामा समोर बसलेला असतानाच. आई म्हणाली, स्पीकरवर टाक.

"आपल्या गणपतीचे डोळे कोण काढणार?" तिने विचारलं.

"आहेत ना ताई," मामा म्हणाला. "दोन-तीन जण तयार झालेत. चांगला हात हाय त्यांचा."

"मी हात विचारला नाय. कोण काढणार विचारलं."

"ताई, माझा हात हलतो."

"हलू दे."

"डोळा वाकडा येईल."

"येऊ दे. इतकी वर्षं सरळ बघून बघून त्याची पण मान आखडली असेल."

मामा लहान पोराने चोरी कबूल करावी तसा म्हणाला, "मी आत्ताच खिमा खाल्लाय."

"मग तोंड धू," आई म्हणाली. "आणि आजपासून खाऊ नको. गणपतीला तीन महिने आहेत. घाई कुणाला आहे?" आणि फोन ठेवला.

मामा उठला, मागच्या दारी गेला, आणि चूळ भरल्याचा आवाज आला. बराच वेळ भरत होता. परात तशीच राहिली होती, अर्धी. मी आणि मामीने ती संपवली. मामी डोळे पुसत म्हणाली, "दोन डोळ्यांसाठी तीन महिने वरण-भात. अख्ख्या कारखान्याला करायचा तेव्हा निदान हिशेब बसायचा."

गेल्या वर्षी श्रावणात त्याने तो एकच गणपती काढला. मी शेजारी बसले होते, मला श्वास घेऊ नको म्हणाला, जसा काही माझा खांदा हलणार होता. सकाळपासून बोलला नव्हता. उजवा डोळा सुंदर आला, एका रेघेत. डाव्याला दोन्ही रेघा झाल्या, बुबुळावर ब्रश आला आणि शेवटी, अगदी शेवटी, हात थरथरला. बुबुळ जरासं बाजूला बसलं. ओल्या रंगावर पुसायचा कपडा त्याच्या दुसऱ्या हातात तयार होता. मी वाट बघत होते तो पुसतोय म्हणून. तो बघत राहिला, मूर्ती त्याच्याकडे बघत राहिली, जराशी तिरकी, आणि मग कपडा खाली ठेवून म्हणाला, "ताई म्हणालीय येऊ दे."

रोह्याला आणला, रुमाल काढला, आईने समोर बसून नीट बघितलं. आम्ही सगळे श्वास धरून. आई म्हणाली, "हा स्वयंपाकघरात बघतोय. मोदक झाले काय विचारतोय." बस, एवढंच. आणि पाच दिवस दर्शनाला किती लोक आले, कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त मामा आरतीला पुढे उभा राहिला नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिला, जिथे ती नजर पडत होती बरोबर तिथे, पाचही दिवस.

त्यानंतर मामाने ब्रश धरला नाही. आईने ह्या वर्षी आग्रह केला नाही, कारण आता पाण्याचा पेला पण तो दोन्ही हातांनी धरतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही फ्राईज केले. मामीने सांगितलं होतं, बटाटे त्यालाच कापू दे. तो कापतो. जाड, पातळ, तिरके. आता कुणी जिना म्हणत नाही. खरं तर जाड आतून मऊ लागतात आणि पातळ कडक होतात, त्यामुळे एकाच घासात दोन्ही येतं, पण हे मी त्याला सांगितलं तर म्हणेल मुलगी समजूत काढतेय, म्हणून मी नुसते जास्त खाते.

आता आजचं. ह्या वर्षीचा गणपती मामाच घेऊन आला, रुमाल टाकून, मांडीवर. डोळे दुसऱ्याने काढलेत. रुमाल काढला आणि खरंच सांगते, फार सुंदर डोळे आहेत. दोन्ही सरळ, सारखे, जिवंत. मामा म्हणाला, "बघ ताई, पोराचा हात बघ. कुठे सूतभर चूक नाय." आणि आई म्हणाली, हो, छान आहे. गुरुजी यायचे होते, प्राणप्रतिष्ठा व्हायची होती, म्हणजे अजून मूर्ती हलवली तर चालते. आईने पाटाला हात घातला आणि काही न बोलता पाट दोन बोटं फिरवला. स्वयंपाकघराकडे.

मामा उंबऱ्यावर उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा हात हलत होता, तो त्याने दुसऱ्या हातात धरला. मूर्तीकडे बघत राहिला, मग पाटाकडे, मग आईकडे. मला वाटलं आता ह्याला रडू येणार.

"ताई," तो म्हणाला, "अर्धं सूत जास्त झालं."

आईने पाट अर्धं सूत मागे घेतला. "आता?"

मामाने मान हलवली. आणि मग दिवसभर तो तिथून हलला नाहीये, आत्तासुद्धा मी इथे ओट्याशी उभी राहून लिहितेय आणि तो उंबऱ्यावर आहे, माझ्याकडे पाठ करून, समोर बघत. आई तिसऱ्यांदा हाक मारतेय. मला फक्त एवढं विचारायचंय, तुमच्याकडे झालंय का असं, की घरातलं एखादं माणूस तुमच्यासमोर बसून साधा घास खातंय, रोजचाच, आणि तुम्हाला तो घास बघून कळलं की त्याचं काय गेलं? आणि तुम्ही पण तेव्हा आधी हसला होतात का?